अनावश्यक आरसा

६ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावर आईचं नाव आहे ते चुकून नाही. तुझं नाव घातलं की पत्र न फोडता परत येतं, हा धडा मी शिकले. तेव्हा आई, हे तू उघड आणि मोठ्यानं वाच. ती उठून आतल्या खोलीत गेली तर दाराशी खुर्ची ओढून वाच. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत.

ताई, तुझी अट मला पाठ आहे. "जोवर तू त्या टेबलापाशी उभी राहतेस, तोवर मला तुझं काही सांगू नकोस." मी अजून त्याच टेबलापाशी उभी आहे आणि सांगणारही आहे. लहानपणी तू मला भिंगरी म्हणायचीस. भिंगरीला थांब म्हणून ती थांबत नाही, तिच्यातला जोर संपला की थांबते. माझा अजून संपलेला नाही.

बातमी अशी की लेसरची खोली आपल्याकडून काढून घेताहेत. जूनअखेर टेबलं उखडायची, पंप भांडारात टाकायचे आणि तिथं दुसऱ्या गटाचं सामान लावायचं. आपल्या गटाच्या सरांनी मला बोलावून घेतलं आणि आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, तेव्हाच मला काय ते कळलं. प्रयोगशाळेच्या समितीचं म्हणणं असं, की इतकी वर्षं झाली, तुम्ही ज्या झोताच्या गोष्टी करता तो काही कुणाला सापडला नाही, आणि वर अपघात झाला. सर माणूस वाईट नाहीत. पण समितीपुढे ते मूग गिळून बसतात, हे मी तुला सांगायला नको. जूनपर्यंत खोलीला कुणी हात लावणार नाही एवढा शब्द मी त्यांच्याकडून घेतला. त्यांनी तो चटकन दिला, बहुधा मी रडेन या भीतीनं. मी टेबलावर हात आपटायच्या तयारीत होते.

तर जूनच्या आत तो झोत मिळवायचा. मिळाला तर तू त्या खोलीत घातलेली सगळी वर्षं कारणी लागली. नाही मिळाला तर तुझा डोळा एका फसलेल्या कल्पनेपायी गेला असं कायमचं लिहिलं जाईल, आणि मला ते होऊ द्यायचं नाही.

हे सगळं तुझ्यासाठी करतेय असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. मला तो झोत माझ्यासाठी हवा आहे. आणि तुझ्या डोळ्याचं मला जितकं वाईट वाटतं तितकाच तुझा रागही येतो. टेबल सोडलंस ते समजू शकते. मला तिथं एकटीला टाकून गेलीस आणि वर बोलणं बंद केलंस, ते समजू शकत नाही. आई, एवढा भाग हळू वाचलास तरी चालेल.

तुझी,
भिंगरी

२३ फेब्रुवारी

ताई,

आईचा फोन आला होता. म्हणाली, पहिल्याच परिच्छेदाला तू उठून गेलीस, आणि थोड्या वेळानं पाणी प्यायला म्हणून आलीस ती भांडं हातात धरून दारातच उभी राहिलीस. हे तिनं मला सांगू नये म्हणून तू तिला शपथ घातली असशील. शपथा पाळण्यात आई कच्ची आहे.

तिची एक तक्रार आहे. "मी वाचते ते काय वाचते, ते तरी मला कळू दे," म्हणाली. रास्त आहे. तेव्हा हे आईसाठी. तुला कंटाळा आला तर पुन्हा पाणी पी.

आई, आपल्याकडचा लेसरचा झोत येतो आणि संपतो, इतक्या झटक्यात की त्याच्यापुढे पापणी लवायला लागतो त्या वेळाला युग म्हणावं लागेल. हा झोत आम्ही एका गुळगुळीत काचेवर सोडतो. काच असते हवा उपसून काढलेल्या पोलादी पेटीत. झोत पडला की त्या ठिपक्यापुरते काचेचे अणू फुटतात आणि त्यांच्यातले इलेक्ट्रॉन मोकाट सुटतात. अशा मोकाट सुटलेल्या तापल्या पदार्थाला प्लाझ्मा म्हणतात. तो आरशासारखा प्रकाश परतवतो. आणि खरी गंमत पुढे आहे: ज्या झोतानं हा आरसा घडवला तोच झोत त्याला पुढेमागे हलवत राहतो, जवळजवळ प्रकाशाच्याच वेगानं. अशा हलत्या आरशावरून परतणारा प्रकाश दाबला जातो आणि त्यातून मूळ झोतापेक्षा कितीतरी आखूड झोत निघतात. आखूड आणि तीव्र. इतके आखूड की अणूच्या पोटात इलेक्ट्रॉन कसे हलतात ते त्यांच्या उजेडात टिपता यावं. तुझ्या मोठ्या मुलीला हे हवं होतं, आणि तिच्या नादानं धाकटीलाही.

हे झोत डोळ्याला दिसत नाहीत. त्यांचा प्रकाश एका बारीक जाळीवर पसरवून आम्ही कॅमेऱ्यात घेतो, मग संगणकाच्या पडद्यावर उभ्या रेषा उमटतात. रेषांची रांग जितकी लांबवर जाईल तितका झोत आखूड. आमची रांग दोन पावलं चालते आणि दमून बसते.

दर वेळी काचेवरचा तो ठिपका जळून जातो. मग काच जराशी सरकवायची, कोरी जागा समोर आणायची, पुन्हा झोत. संध्याकाळी काच बाहेर काढली की तिच्यावर देवीचे व्रण उठलेले असतात. पंपवाले काका ती उजेडात धरून बघतात आणि मान हलवतात. काका पंपांशी अजूनही बोलतात, ताई. मोठा पंप सध्या कुरकुरतोय, तर त्याला म्हणाले, "मोठी बाई गेली म्हणून रुसलास होय?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

तुझी,
भिंगरी

१७ मार्च

ताई,

रेषा लांबत नाहीत. झोताची ताकद वाढवून पाहिली, काच बदलून पाहिली, कोन बदलून पाहिले. पालथ्या घड्यावर पाणी.

कारण तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. आमचा प्लाझ्माचा आरसा फार धारदार आहे. मोठ्या झोताच्या पुढे जो कचरा प्रकाश येतो तो आम्ही इतका निपटून काढलाय, की प्लाझ्मा काचेला चिकटूनच राहतो आणि इलेक्ट्रॉनना हलायला जागा मिळत नाही. तू फळ्यापाशी उभी राहून सांगायचीस, झोका घ्यायचा तर मागं थोडी जागा लागते, भिंतीला पाठ लावून झोका घेता येत नाही. म्हणून तू तो छोटा आरसा बसवला होतास. मोठ्या झोतातला चिमूटभर प्रकाश त्यानं बाजूला काढायचा आणि जरा आधी काचेवर पाठवायचा. त्या चिमटीनं प्लाझ्मा किंचित पुढं फुगायचा, आणि मग मोठा झोत येऊन त्याला झुलवायचा. सगळे म्हणायचे, जो कचरा काढायला आपण वर्षं घालवली तोच ही हातानं परत टाकतेय.

आई, आता इथून पुढं तू एकटी वाच, आणि ताईला ऐकवायचं का ते वाचून झाल्यावर ठरव. "यंत्र बिघडलं आणि डोळ्याला इजा झाली," एवढंच ताईनं तुला सांगितलंय. यंत्र बिघडलं नव्हतं.

आमचा प्रकाश लाल रंगाच्या अगदी काठावरचा असतो. डोळ्याला तो जेमतेम, अंधूक दिसतो. संरक्षक चष्मा लावला तर अजिबात दिसत नाही, चष्मा त्यासाठीच असतो. पण आरसे जुळवताना झोत कुठं पडलाय ते बघावं लागतं. म्हणून या धंद्यातला जवळपास प्रत्येक माणूस कधी ना कधी चष्मा कपाळावर सरकवतो आणि एक नजर टाकतो. अंधूक दिसतो म्हणून तो प्रकाश दुबळा वाटतो. प्रत्यक्षात त्याला बघायला आपला डोळा दुबळा असतो. ताई त्या दिवशी छोट्या आरशाचा झोत जुळवत होती. छोटा झोत, मोठ्याच्या पुढं चिमूटभर. तिनं चष्मा वर केला. एका स्क्रूच्या चकचकीत डोक्यावरून झोत उडाला आणि तिच्या उजव्या डोळ्यात गेला. डोळ्याच्या पडद्याचा मधलाच भाग जळला. म्हणून त्या डोळ्याला कडेचं दिसतं आणि समोरचं दिसत नाही. अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून चहा कपाबाहेर पडतो.

समितीनं अहवालात लिहिलं, "अनावश्यक आरसा बसवताना नियमभंग." नियमभंग झाला, कबूल. पण तो पहिला शब्द मला तेव्हापासून दाताखाली खड्यासारखा लागतोय. आरसा कपाटात कुलपात आहे, त्याला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली आहे, आणि तिच्यावर तोच शब्द लिहिला आहे.

ताई, मी तो आरसा परत बसवणार आहे. परवानगी मागत नाही, सांगतेय.

तुझी,
भिंगरी

२९ मार्च

ताई,

निरोप मिळाला. आईनं तो फोनवर सांगितला तेव्हा तिचा आवाज कापत होता, एवढं तुला कळावं. "तो आरसा पुन्हा लागला तर मला बहीण नाही."

मी दोन दिवस काही लिहिलं नाही. जेवलेही नाही धड. तू असं म्हणू शकतेस याचं मला आश्चर्य वाटलं नाही, पण लागलं. खूप लागलं. शाळेत माझ्या डोक्यावर पुस्तक ठेवून मला सरळ चालायला शिकवणारी तू. मी पहिल्यांदा लेसर बघितला तो तुझ्या मागं उभं राहून, तुझ्या ओढणीचं टोक धरून.

तुला भीती वाटतेय हे मला समजतं. माझ्या डोळ्यांची भीती. ती तू रागात गुंडाळून पाठवतेस, आई तोच निरोप रडत रडत सांगते, आणि मला तो दोन्हीकडून मिळतो.

आरसा काल बसवला.

आता कसा बसवला ते ऐक, म्हणजे तुझ्या रागाला निदान नीट माहिती असेल. खोलीतल्या प्रत्येक स्क्रूचं डोकं मी काळं रंगवलं. काकांनी अर्धे रंगवले, ते बसून आणि मी टेबलाखाली आडवी पडून. आरशांच्या फिरक्यांना मोटरी लावल्या. जिथं झोत पडायचा तिथं कागद आणि कागदावर रोखलेला कॅमेरा. झोत चालू असताना खोलीत कुणीही जायचं नाही, मी नाही, काका नाहीत, सर नाहीत. शेजारच्या खोलीत बसून पडद्यावर बघायचं आणि कळ दाबून आरसा केसभर हलवायचा. काका म्हणाले, हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. म्हटलं, हाकू, शेळ्या हरवल्या तर हरवल्या.

हे फार संथ आहे. चष्मा वर करून जे काम चहा निवायच्या आत व्हायचं त्याला आता आख्खा दिवस जातो. मोटर एकदा पुढं गेली की मागं येताना नेमकी त्याच जागी येत नाही, मग पुन्हा पहिल्यापासून. जूनपर्यंत पुरेल का, माहीत नाही. पण दुधानं पोळलेल्या घरातली मी आहे. ताकसुद्धा फुंकूनच पिणार.

बहीण नाही म्हणालीस तरी मी आहेच. हे नातं दोघींपैकी एकीनं सोडून सुटत नाही.

तुझी,
भिंगरी

२२ एप्रिल

ताई,

आज जे झालं ते आजच लिहून टाकते, उद्या मी ते स्वतःशीच गोड करून सांगेन.

सकाळी छोटा झोत जवळजवळ जुळला होता. मोठ्याच्या अगदी शेजारी येऊन पडत होता, आता थोडंसंच उरलं होतं. आणि कागदावरचा कॅमेरा बंद पडला. बदली कॅमेरा यायला आठवडा लागणार होता. त्यात काकांचा मोठा पंप कधी बसेल याचा नेम नाही, एकदा बसला की पेटी उघडावी लागेल आणि आम्ही जुळवलेलं सगळं हलेल. म्हणजे आज जुळलं तर जुळलं.

नेमके तेव्हाच सर आले. त्यांनी पडद्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांचा हेतू वाईट नव्हता हे मी पुन्हा सांगते. माझ्याइतकंच त्यांनाही ते व्हायला हवं होतं. ते म्हणाले, "झोत अगदी कमी ताकदीवर ठेव. आत जा आणि फक्त एकदा डोकाव. मी इथं उभा आहे."

ताई, मी उठले. हे तुला सांगणारच होते, कारण तू ओळखलं असतंस. मी उठले, आणि दारावरच्या खुंटीवरून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. आत जाऊन तो कपाळावर सरकवायला किती वेळ लागतो ते मला माहीत होतं. माझी पावलं त्या दाराकडे निघाली होती. मला तेव्हा तू आठवली नाहीस, खोटं कशाला बोलू. मला फक्त तो झोत कुठं पडलाय ते बघायचं होतं. तुलाही त्या दिवशी असंच झालं असणार. अहवालात लिहिलंय तसा निष्काळजीपणा नव्हता तो, हव्यास होता. उत्तर हातभर अंतरावर असताना माणसाला जो होतो तो.

मग मी वळले आणि लेसरची किल्ली फिरवून तो बंद केला. किल्ली खिशात टाकली.

सर म्हणाले, "एक दिवस फुकट जाईल."

मी म्हणाले, "आमच्या घरानं एक डोळा दिलाय, सर. दुसरा मिळणार नाही."

ते निघून गेले. काका आपल्या पंपांकडं वळले.

संध्याकाळी मोठा पंप बसला. पेटी उघडावी लागली. जुळवलेलं सगळं गेलं, आता परत पहिल्यापासून. घरी येऊन मी रडले, ताई, चांगली हुंदके देऊन. पण माझे दोन्ही डोळे रडत होते.

उद्यापासून पुन्हा सुरुवात करतेय. या वेळी कागदावर दोन कॅमेरे रोखणार.

तुझी,
भिंगरी

१३ मे

ताई,

आल्या.

बरोबर लिहितेय. रेषा आल्या.

छोटा झोत परवा जुळला, दोन्ही कॅमेऱ्यांच्या साक्षीनं. मग तो मोठ्याच्या किती आधी पाठवायचा त्याचा शोध. फार आधी पाठवला की प्लाझ्मा इतका फुगतो की सगळं विस्कटतं, रेषांच्या जागी नुसतं धुकं. फार जवळ आणला की आधीसारखंच, रांग दमून बसते. मध्ये कुठंतरी ती जागा असणार, तू म्हणायचीस तशी. दर वेळी थोडं सरकवत, दर वेळी काचेची कोरी जागा समोर आणत आम्ही पुढं गेलो. आज दुपारी रांग उठली आणि चालायला लागली. पडद्याच्या उजव्या कडेपर्यंत गेली आणि कडेबाहेर निघून गेली. कॅमेरा सरकवावा लागला, ताई. रेषा मावेनात म्हणून कॅमेरा सरकवावा लागला!

काकांना रेषांतलं काही कळत नाही असं ते म्हणतात, पण ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि लगेच समितीला फोन लावायला गेले. पुढच्या आठवड्यात समिती स्वतः येऊन बघणार आहे.

शोधनिबंधाचा मसुदा मी लिहायला घेतलाय, पूर्ण झाला की पाठवते. त्यावर पहिलं नाव तुझं आहे, माझं दुसरं. तुला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस, म्हणून नाही विचारलं. खोडायचं असेल तर स्वतःच्या हातानं खोड. त्यासाठी तरी तुला माझा कागद हातात घ्यावा लागेल.

आज मी खूश आहे. एवढंच.

तुझी,
भिंगरी

२१ मे

ताई,

परवा सकाळी आईचा फोन आला, मी दात घासत होते. म्हणाली, "थांब, तिनं सांगितलंय तसंच सांगते. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी विसरेन." मग शाळेत कविता म्हणतात तसं सुरात म्हणाली, "छोटा झोत मोठ्याच्या नंतर पाठवून पाहिलास का? तेव्हाही रेषा राहिल्या तर त्या खोट्या." आणि आपल्या आवाजात, "आता हे काय असतं ते मला विचारू नकोस."

नमस्कार नाही, शाबासकी नाही, कशी आहेस नाही. सव्वा वर्षानंतर तुझ्याकडून कामाबद्दल आलेलं पहिलं वाक्य, आणि ते माझ्या सगळ्या कामाला सुरुंग लावणारं. मी ब्रश हातात घेऊन बाथरूमच्या फरशीवरच बसले.

कारण मी पाहिलं नव्हतं. तुझं म्हणणं लगेच उमजलं. छोट्या आरशावरचा प्रकाश कुठूनतरी वाट काढून थेट आमच्या कॅमेऱ्यात शिरत असेल, तर त्या रेषा प्लाझ्मानं काढलेल्याच नाहीत. मग ती आमच्याच मांडणीची भुताटकी. आणि झोत उशिरा आला तर प्लाझ्माला त्याचा उपयोग शून्य, मोठा झोत तोवर येऊन गेलेला असतो. खऱ्या रेषांनी तेव्हा नाहीसं व्हायला हवं. इतकी साधी परीक्षा, आणि आनंदाच्या भरात मला ती सुचली नाही.

समिती कालच यायची होती. झोत उशिरा नेण्याइतकी मोटरीला जागा नव्हती, आरसा ज्यावर सरकतो तो तिचा पाट उलटा बसवण्यात सबंध दिवस गेला. म्हणजे तपासून बघायला समितीच्या आधी वेळच उरला नाही. सर म्हणाले, आधी समितीला रेषा दाखव, ती गेली की तुझी परीक्षा घे. मी म्हणाले, रेषा खोट्या असतील तर समितीलाही आजच कळू दे. यावर ते बराच वेळ बोलले. शेवटी हात झटकून निघून गेले, आणि समितीबरोबरच परत आले.

तर समितीतले चौघे आमच्या त्या अरुंद खोलीत, दोघे खुर्चीवर, दोघे भिंतीला टेकून. मी आधी रेषा दाखवल्या. रांग लांबवर गेली, माना डोलल्या. अहवाल लिहिणारे अध्यक्षही त्यांच्यात होते. मी म्हणाले, आता एक प्रश्न आहे, तो माझा नाही, माझ्या बहिणीचा आहे. आणि छोटा झोत मोठ्याच्या मागं ढकलला.

आणि कळ दाबली.

पडदा काळा. आरशाशिवायही यायच्या तेवढ्या दोन-चार रेषा डाव्या कोपऱ्यात, बाकी काळा ठिक्कर. काच सरकवली, पुन्हा काळा. पुन्हा काळा. भिंतीला टेकलेल्यांपैकी एकजण हळूच म्हणाला, बिघडलं वाटतं. सर खाली बघत होते. आणि मी हसत होते, ताई. सबंध खोलीत त्या काळ्या पडद्याकडं बघून हसणारी मी एकटी होते, आणि मला तुझी इतकी आठवण आली, कारण तिथं दुसरी फक्त तूच हसली असतीस.

मग झोत परत आधीच्या जागी आणला, आणि रांग पुन्हा चालायला लागली. तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. अध्यक्ष पुढं होऊन पडद्याजवळ आले, चष्मा पुसला, आणि विचारलं, "म्हणजे या सगळ्यासाठी तो आरसा हवाच?"

मी म्हणाले, "हवाच. त्याच्याशिवाय हे होत नाही, आत्ता तुमच्यासमोर झालं नाही."

त्यांनी मान हलवली. क्षमा वगैरे मागितली नाही, तशी माणसं मागत नाहीत. पण जाताना सरांना म्हणाले की अहवालातला तो शब्द दुरुस्त करावा लागेल. काकांनी कपाटातली चिठ्ठी तेवढ्यात कुठं नाहीशी केली ते मी विचारलं नाही.

मसुदा सोबत पाठवतेय. काळा पडदा पाचव्या पानावर घातलाय, तुझ्या प्रश्नाखाली.

तुझी,
भिंगरी

१८ जून

ताई,

खोलीचं आधी सांगते. समितीनं ती काढून घेण्याचा निर्णय मागं घेतलेला नाही, पुढं ढकलला आहे. एका वर्षानं. त्यांच्या भाषेत हे कौतुकच समजायचं. मोठा पंप नवा मिळणार आहे, काका जुन्याची समजूत काढताहेत.

मसुदा आज पोचला. लिफाफ्यावरचं अक्षर बघून मला आधी दार लावून घ्यावं लागलं. आणि पत्ता घरचा नाही, प्रयोगशाळेचा घातला आहेस. खोली क्रमांकासकट.

पानापानावर लाल शाई आहे. ओळी थोड्या तिरक्या गेल्यात, काही दुरुस्त्या शब्दाच्या शेजारी पडल्यात, पण एकही सुटलेली नाही. झोताची लांबी आपण थेट मोजलेली नाही, रेषांवरून काढली आहे, तेव्हा "मोजली" हा शब्द काढ म्हणतेस. बरोबर आहे, काढला. दुसरी आकृती उलटी छापली आहे म्हणतेस. तीही उलटीच होती. प्रस्तावनेला "पाल्हाळ" म्हटलंयस, ते मी गिळलं. पहिल्या पानावर वर शीर्षकाला तीनदा खोडून तीनदा लिहिलंयस. त्याच्या खाली तुझं नाव आहे. ते मी उजेडात धरून बघितलं, उलटून मागच्या बाजूनं बघितलं. त्याला कुठंही शाई लागलेली नाही.

आता तिसरं पान. चष्मा वर न करता आरसे कसे जुळवले, मोटरी, कागद, काळे स्क्रू, तो सगळा परिच्छेद तू आडव्या रेघेनं उडवला आहेस आणि शेजारी लिहिलंयस, "याचा भौतिकशास्त्राशी संबंध नाही."

आहे. तो परिच्छेद राहणार. कुठल्या तरी खोलीत कुणीतरी चष्म्याला हात घातलेला असेल, आणि तो माणूस प्रस्तावना वाचत नाही, मांडणीचं पान वाचतो. मी तो एका ओळीनंही कमी करणार नाही, आणि तुझी सही असल्याशिवाय निबंध पाठवता येत नाही.

तेव्हा ये. भांडायला ये.

तुझी,
भिंगरी